मानसिक आजाराच्या रुग्णाला रुग्णालयातून सुटी झाल्यानंतर: मराठवाड्यातील नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न वॉर्डाच्या दारात, ओपीडीच्या रांगेत आणि घरी पोहोचल्यावर केलेल्या फोनवर नातेवाईक व रुग्ण वारंवार विचारतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांतील परिस्थिती समोर ठेवून उत्तरे दिली आहेत. औषधांविषयीची माहिती समजून घेण्यापुरती आहे. डोस ठरवणे किंवा बदलणे हे डॉक्टरांचेच काम आहे.

सुटी झाली म्हणजे माणूस बरा झाला, असे धरायचे का?

नाही. तीव्र लक्षणे ओसरली आहेत आणि पुढचे उपचार घरी राहून घेता येतील, एवढाच सुटीचा अर्थ आहे. वॉर्डात परिचारिका वेळेवर गोळी देते, जेवणाची आणि झोपेची वेळ ठरलेली असते, आणि कर्ज, भावकी, बांधाचे भांडण यांपैकी काहीही तिथे नसते. घरी पोहोचताच हे सगळे एका दिवसात समोर उभे राहते. स्किझोफ्रेनियाच्या (भास आणि संशय दिसणाऱ्या तीव्र मानसिक आजाराच्या) पहिल्या झटक्यानंतर साधारणपणे एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते. आजार वारंवार उलटला असेल, तर हा काळ बराच वाढतो. पूर्वीइतकी उमेद आणि कामाचा उरक परत यायला कधी कधी लक्षणे जाण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, आणि या काळात नातेवाईक ज्याला आळस म्हणतात तो बहुतेक वेळा आजाराचाच शिल्लक भाग असतो.

सुटीच्या दिवशी रुग्णालयाकडून काय काय मागून घ्यावे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 98 नुसार सुटी देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी (म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीशी), तो ज्यांच्याकडे राहणार आहे त्या नातेवाइकांशी आणि पुढे ज्यांच्याकडे उपचार जाणार आहेत त्या मनोविकारतज्ज्ञांशी चर्चा करून पुढील उपचारांचा आराखडा तयार करायचा असतो. प्रत्यक्षात ओपीडीच्या गर्दीत हा आराखडा बऱ्याचदा डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीत संपतो: ‘जवळच्या रुग्णालयात दाखवणे.’ या ओळीवर समाधान मानू नये. जवळचे रुग्णालय म्हणजे कोणते, तेथे मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, त्यांच्या टीममधल्या कोणाला भेटायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कार्डावर लिहूनच घ्यावे. शक्य असेल तर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना विनंती करून तिकडच्या माणसाशी तुमच्यासमोरच फोनवर बोलणे करून घ्यावे. आमच्या अनुभवात ज्या रुग्णाच्या खिशात संस्थेचे नाव असते तो वाटेत गळतो, आणि ज्याच्याकडे माणसाचे नाव असते तो बहुधा पोहोचतो.

आजाराचे निदान, औषधांची मूळ नावे (केवळ कंपनीची नव्हेत), मात्रा, शेवटचे इंजेक्शन कधी दिले ती तारीख आणि रक्ततपासण्यांचे अहवाल हे सर्व कागद मागावेत. आपल्या उपचारांची मूलभूत कागदपत्रे पाहण्याचा व मिळवण्याचा हक्क कलम 25 ने रुग्णाला दिला आहे. पुढच्या तारखेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या हातात पडल्याशिवाय वॉर्ड सोडू नये.

पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयातून सुटी झाली, पण दर महिन्याला पुण्याला जाणे परवडत नाही. आपल्या भागात कोठे दाखवावे?

राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, ही चारही मराठवाड्याबाहेर, म्हणजे दूर भरती झालेल्या इथल्या रुग्णाचा पुढचा पाठपुरावा दुसऱ्याच ठिकाणी करावा लागतो. त्यासाठी पुण्याला जाण्याची गरज बहुतेकांना नसते. संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचे विष्णुपुरी येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचे वैद्यकीय महाविद्यालय येथे मनोविकृतीशास्त्र विभाग आहेत. त्याशिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम प्रत्येक जिल्ह्यात काम करते. तिच्यात मनोविकारतज्ज्ञांच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक व परिचारिका यांची पदे असतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या ओपीडीखेरीज ही टीम ठरलेल्या दिवशी तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालयांत जाते. तो दिवस कोणता, हे सिव्हिलमध्ये विचारून ठेवले की अर्धे काम झाले.

जिल्ह्याची हद्द मात्र फार मनावर घेऊ नये. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा अहिल्यानगर सोयीचे पडते, तर किनवट-माहूरकडच्या माणसाला नांदेड गाठून परत येण्यातच दिवस जातो. नियमित जाता येईल ते ठिकाण निवडावे. मोठ्या नावाच्या लांबच्या डॉक्टरांपेक्षा दर महिन्याला भेटणारा जवळचा डॉक्टर केव्हाही बरा.

गोळ्या गावाजवळ आणि मोफत मिळतात का?

अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजारांची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावीत, अशी तरतूद 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 मध्ये आहे. साठा संपल्याचे सांगण्यात आले, तर चिठ्ठीवर तसे लिहून मागावे आणि जिल्हा टीमला कळवावे. तोवर खंड पडू नये म्हणून जनऔषधी केंद्रात मूळ नावाने तेच औषध स्वस्तात मिळते का, ते पाहावे. गोळ्या पूर्ण संपण्याची वाट न पाहता आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच नव्या आणाव्यात.

आशाताईंना सांगितले तर गावभर होईल, ही भीती खरी आहे का?

भीती निराधार नाही. लहान गावात आशाताई या कुणाच्या तरी चुलतजाऊ किंवा भाची असतातच. तरीही त्यांना बरोबर घ्यावे असे आमचे मत आहे, कारण माणूस दोन दिवस घराबाहेर पडला नाही किंवा गोळ्यांचे पाकीट तसेच पडले आहे, हे शहरातल्या डॉक्टरांना दिसत नाही आणि आशाताईंना दिसते. विदर्भाप्रमाणेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत 2015 पासून शेतकऱ्यांसाठी सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशांनी घरोघरी जाऊन नैराश्याच्या लक्षणांची विचारपूस केली आहे, त्यामुळे हा विषय त्यांना नवा नाही. काय सांगायचे हे मात्र रुग्णाला विचारून ठरवावे. आजाराचे नाव सांगण्याची गरज नसते. ‘झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या चालू आहेत, महिन्याच्या अमुक तारखेला तालुक्याला जायचे असते’ एवढे पुरते. आजाराची माहिती गुप्त ठेवणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे त्यांना आदराने सांगायला हरकत नाही.

आम्ही ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने गावात नसतो. उपचार कसे चालू ठेवायचे?

बीड, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास निघालेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, आणि याच काळात उलटलेले आजार आमच्याकडे सर्वाधिक येतात. कारण सरळ आहे. कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) गोळ्या ठेवायला कोरडी जागा नसते, पहाटेच फडावर जायचे असते, रात्री-बेरात्री गाडी भरायला उठावे लागते, आणि रात्रीची गोळी घेऊन कोयता चालवताना झापड येते म्हणून माणूस ती आधी अर्धी करतो आणि मग सोडतो.

निघण्याच्या आधी तीन-चार आठवडे डॉक्टरांना भेटून आपण कोठे आणि कधीपर्यंत जाणार आहोत ते सांगावे. झापड येणारी गोळी लवकर घेण्याची वेळ ठरवता येते, किंवा ज्यांना रोजच्या गोळ्या जमत नाहीत अशा काही रुग्णांना दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन सुरू करता येते. इंजेक्शनचा मार्ग निवडला तर कारखान्याजवळचे कोणते सरकारी रुग्णालय ते देईल, हे येथूनच विचारून चिठ्ठी घ्यावी. डिस्चार्ज कार्ड आणि चालू चिठ्ठी यांचा फोटो किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असावा, कारण कोपीला आग लागली किंवा पावसात पेटी भिजली की कागद जातात. गोळ्या झाकणाच्या डब्यात, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवाव्यात.

मुकादमाला सांगावे की नाही, हा अवघड प्रश्न आहे. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, एक कोयता म्हणजे जोडी धरलेली असते, आणि एकाने काम थांबवले की दोघांचा हिशेब बिघडतो. तरीही आजार नुकताच उलटून गेला असेल, तर त्या हंगामात रुग्णाने गावीच राहावे आणि कुटुंबातील दुसऱ्या कोणी जावे, असा सल्ला आम्ही देतो. तो सर्वांना परवडत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. मात्र रुग्णाला घरी ठेवायचे तर त्याला एकट्या म्हाताऱ्या आईच्या भरवशावर सोडून सगळ्यांनी निघून जाऊ नये.

पहिल्या तीन महिन्यांत कशाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे?

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे हा आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा काळ असतो. म्हणून पहिली फेरतपासणी शक्यतो आठवड्याभरातच व्हावी. शेतकरी घरात आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. फवारणीची औषधे घरात, पलंगाखाली किंवा शेतातल्या आखाड्यावर उघडी ठेवू नयेत. ती कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, आणि शक्य असल्यास काही महिने ती घरात आणूच नयेत. गोळ्यांचा मोठा साठाही नातेवाइकांनी आपल्या ताब्यात ठेवावा.

‘मरण्याचा विचार येतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही. उलट, कोणीतरी विचारले याचा रुग्णाला आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दिवसा-रात्री केव्हाही टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे.

आजार उलटतोय हे लवकर कसे ओळखावे?

बहुतेकांमध्ये झोप आधी बिघडते. त्यानंतर चिडचिड, एकटे बसणे, आंघोळ टाळणे, संशय किंवा एकदम वाढलेला उत्साह आणि खर्च दिसू लागतो. प्रत्येकाची चिन्हे वेगळी असली तरी एकाच माणसात ती बहुधा त्याच क्रमाने परत येतात. म्हणून मागच्या वेळी भरती करण्यापूर्वीचे पंधरा दिवस घरच्यांनी एकत्र बसून आठवावेत आणि लिहून ठेवावेत.

उन्हाळ्यात औषधांमुळे त्रास होतो का?

होऊ शकतो, आणि आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जात असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मानसिक आजारांवरील काही औषधांनी घाम कमी येतो आणि शरीर लवकर तापते. लिथियम (मनःस्थितीतील चढउतार आवरणारे औषध) घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. अंगातले पाणी कमी झाले, जुलाब लागले, मीठ एकदम बंद केले किंवा कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक अथवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली, तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. हात जास्त थरथरणे, उलट्या, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसली तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालयात जावे. चैत्र-वैशाखात भर दुपारचे शेतकाम टाळावे, पाणी भरपूर प्यावे, आणि निर्जळी उपवास किंवा रोजे धरायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

कामाला कधी लावावे?

शक्य तितके लवकर, पण थोडे-थोडे. शेळ्या सोडणे, दूध डेअरीवर घालणे, किराणा दुकानात दोन तास बसणे यापासून सुरुवात करता येते. सालगडी म्हणून पाडव्याला वर्षभराची बोली करण्याची घाई करू नये. आधी रोजाने जाऊन पाहावे.

लग्न करून दिले की सुधारेल, असे सगळे म्हणतात. खरे आहे का?

नाही. लग्नाने आजार बरा होत नाही, आणि नव्या जबाबदारीचा ताण पडून तो उलटण्याचीच शक्यता असते. मानसिक आजार असलेल्यांनी लग्न करू नये असे मात्र मुळीच नाही. प्रकृती बराच काळ स्थिर असेल, स्वतः रुग्णाची इच्छा असेल आणि दुसऱ्या बाजूला आजाराची स्पष्ट कल्पना दिली असेल, तर अनेकांचे संसार चांगले चालतात. लपवून केलेले लग्न बहुधा पहिल्याच वर्षी गोळ्यांचे पाकीट सापडल्यावर मोडते; पुढे ते रद्द ठरवण्यासाठी न्यायालयात अर्जही होतो, आणि मधल्या काळात गोळ्या चोरून घ्याव्या लागल्याने आजार उलटतो तो वेगळाच. मुलगी व्हॅल्प्रोएट हे मनःस्थितीतील चढउतारांवरचे औषध घेत असेल तर लग्नाआधीच डॉक्टरांना सांगावे, कारण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात आणि औषध वेळीच बदलावे लागते.

देवऋषीकडे किंवा दर्ग्यावर नेले तर चालेल का?

श्रद्धेने दर्शनाला जाण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. अनेक कुटुंबांना त्यातून धीर मिळतो. गोळ्या बंद करायला सांगणारा, मारहाण करणारा, उपाशी ठेवणारा किंवा साखळीने बांधणारा कोणीही असो, तेथून रुग्णाला परत आणावे. साखळीने बांधण्यास 2017 च्या कायद्याने बंदी आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि अनुदान मिळते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होते. स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम या चार बाबी आणि आजाराचा कालावधी पाहून टक्केवारी ठरते; लाभांसाठी साधारणपणे 40 टक्के लागतात.

तपासणीच्या टेबलापाशी एक प्रकार नेहमी घडतो. ‘आंघोळ स्वतः करतो का?’ असे विचारले की वडील शरमेने म्हणतात, ‘करतो की साहेब, सगळं करतो.’ आई मागे उभी राहून पदराचे टोक पिळत असते. रोज पाणी काढून, दहा वेळा हाका मारून, शेवटी हात धरून न्हाणीपर्यंत नेणारी तीच असते. टक्केवारी मग कमी बसते. फुगवून काही सांगू नये, पण आहे ते झाकूही नये, आणि रोजची काळजी जो घेतो त्यालाच उत्तर देऊ द्यावे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे, आणि 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा 1,500 रुपयांवरून 2,500 रुपये करण्यात आले. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यामुळे ग्रामसेवकांकडे नावनोंदणी करावी. या यादीत मानसिक आजाराचे रुग्ण क्वचितच असतात, कारण कोणी नाव देत नाही. ‘निरामय’ आरोग्य विमा मात्र स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठीच आहे. मानसिक आजारासाठी तो भरून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत.

आमच्यासारख्या इतर कुटुंबांना भेटता येईल का?

नक्की भेटावे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णांचे आणि काळजी घेणाऱ्यांचे स्वमदत गट चालवते. दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा असतात. तालुक्याच्या ठिकाणी असा गट नसेल, तर ज्या दिवशी जिल्हा टीम ग्रामीण रुग्णालयात येते त्याच दिवशी चार-पाच कुटुंबांनी तासभर एकत्र बसावे. आठवडी बाजार त्याच दिवशी असेल तर फारच उत्तम, कारण ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला उत्तर तयार असते. अशा बैठकीत भाषण नसावे. गोळी कशी देता, रात्री उठला तर काय करता, भावकीला काय सांगता, एवढेच बोलावे.

सासरचे आणि माहेरचे दोघेही तिला न्यायला तयार नाहीत. मग?

वॉर्डात अडकून पडलेल्यांत अशा बाया बऱ्याच असतात. घरचे नेत नाहीत केवळ या कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, असे मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 19 सांगते. अशा वेळी समाजात राहण्यासाठी मदत व पुनर्वसनाची सोय करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. विवाहित स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली सासरच्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक 15100. दरम्यान रेशनकार्डावरील आणि मतदारयादीतील तिचे नाव कोणी कमी करत नाही ना, इकडे लक्ष ठेवावे, कारण एकदा नाव गेले की तिचे परत येणे आणखी लांबते.

काळजी घेणारीच थकली तर?

थकणारच. एकाच व्यक्तीवर सगळे टाकू नये. पैशाचा, प्रवासाचा आणि गोळीच्या वेळेचा भार निदान दोघा-तिघांत वाटावा, आणि शहरात नोकरीला असलेल्या भावाने पैसे पाठवण्यासोबत महिन्यातून एकदा स्वतः रुग्णाला घेऊन ओपीडीत यावे. काळजी घेणाऱ्यांनाही 14416 वर बोलता येते.

रात्री अचानक बिघडले तर कोणाला बोलवावे?

आधी वाद थांबवावा, गर्दी बाहेर काढावी आणि कोयते, विळे, काठ्या दूर कराव्यात. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इजा होण्याचा धोका असेल तर पोलिसांसाठी 112. मानसिक आजारामुळे भटकत असलेल्या किंवा स्वतःला धोका असलेल्या व्यक्तीला संरक्षणाखाली घेऊन आरोग्य संस्थेत पोहोचवणे हे मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 नुसार पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. कोठडीत ठेवणे नव्हे. पुढच्या वेळी कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे रुग्णाला प्रकृती ठीक असताना आगाऊ लिहून ठेवता येते.

सुटीनंतर मदत मिळाली नाही तर तक्रार कोठे करावी?

प्रथम त्या रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. उत्तराने समाधान झाले नाही तर 2017 च्या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे जाता येते. अर्ज रुग्णाच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने द्यावा; नातेवाइकांची सही शेजारी असली तरी चालते.